शिकविणारे आणि बांधणारे

गेल्या वैशाखांत कांहीं घरगुती निमित्तानें आमचा आठ दिवस मुक्काम तिरोड्यास होता. नागपुराहून गोंदियाकडे जातांना तुमसर रोड मागें पडलें कीं धानाच्या रिकाम्या बांध्या आणि त्यांच्यापलीकडे वीज-केंद्राचीं उंच धुराडीं दिसूं लागतात. तिरोडा जवळ आल्याची आतां तीच खूण झाली आहे. आमच्या आप्तांचें जुनें कवेलूंचें घर पाडून त्या जागीं नवें बांधण्याचें काम चाललें होतें. तीन भावांचें एकत्र कुटुंब; थोरल्याच्या निवृत्तीची रक्कम, मधल्यानें काढलेलें कर्ज आणि धाकट्याची धावपळ एवढ्या भांडवलावर भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि आमच्या मुक्कामांतच स्लॅब टाकावयाचा होता.

स्लॅबचा दिवस म्हणजे घरांत लग्नाइतकीच गडबड. पहाटे नारळ फुटला, मजुरांच्या चहाचें पातेलें चुलीवर चढलें, आणि घरांतल्या वडील बाईंनीं कोणाला कळूं न देतां देवापाशीं निरांजनही लावलें. मिक्सर मात्र सातला यावयाचा तो दहाला आला. ह्या घरांत एक 'घरचा इंजिनियर' आहे. थोरल्यांचा मुलगा स्थापत्य शाखेच्या शेवटल्या वर्षाला असून परीक्षेंत नेहमीं वरच्या नंबरानें पास होणारा. साहजिकच देखरेखीला त्यालाच वर उभें केलें होतें.

दुपारी बाराच्या सुमारास माल घट्ट येऊं लागला. घमेल्यांतून ओतला तर जेथल्या तेथें ढीग होऊन बसे, सळयांच्या खालीं उतरेना. एका मजुरानें मिक्सरमध्यें सरळ जास्तीची बादली उपडी केली. मुलगा धांवत खालीं गेला आणि म्हणाला, "पाणी वाढवूं नका, ताकद कमी होते." त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. सिमेंटच्या मानानें पाणी जितकें अधिक तितकें काँक्रीट दुबळें, हें डफ अब्रॅम्स नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १९१८ सालींच दाखवून दिलें आहे व आमच्या मुलाला त्याची वक्ररेषा डोळे मिटून काढतां येते. परंतु मिस्त्रीनें अगदीं शांतपणें विचारलें, "भाऊ, पाणी नको म्हणतां, मंग हा माल सळईखालीं जाईन कसा, तें तरी सांगा." ह्या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नव्हतें. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याच्या अवधींत दोन-तीन फेऱ्यांचा पातळ माल स्लॅबमध्यें गेला.

शेजारीं पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर राहतात. आरडाओरड ऐकून ते डोक्याला उपरणें गुंडाळून आले. त्यांनीं माल पाहिला नाहीं, तर प्रथम रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगाला हात लावला आणि हात झटकन् मागें घेतला. "हिला तहान लागली आहे," ते म्हणाले. "आधीं हिची तहान भागवा, म्हणजे ती मालांतलें पाणी पिणार नाहीं." त्यांनीं ढिगावर पाणी शिंपडविलें, वर ओलीं पोतीं टाकविलीं, रेतीवर ताडपत्री ओढविली, मिक्सरमध्यें घालावयाच्या पाण्याचें माप बादलीवर खडूनें रेघ मारून ठरवून दिलें, आणि बजावून सांगितलें कीं कोणाला माल सैल करावयाचाच असेल तर त्यानें पाण्याबरोबर त्या प्रमाणांत सिमेंटही घालावें, नुसतें पाणी घालूं नये. अर्ध्या तासांत काम सुरळीत झालें. मुलगा पाहत होता. रात्रीं जेवतांना तो आपणहून म्हणाला, "गिट्टी किती पाणी शोषते, त्याचा प्रयोग आम्ही प्रयोगशाळेंत केला आहे. त्याला दहा गुण होते. पण तो प्रयोग कशासाठीं आहे, तें आज कळलें."

ओव्हरसियरांना त्यानें विचारलें, शिंपडलेलें पाणी मापांतून किती वजा करावयाचें? ते हंसले व म्हणाले, "अंदाजानें." हिशेब मुलाला येत होता. ज्ञानाचा एक तुकडा एका घरांत आणि दुसरा शेजारच्या घरांत अशी ही अवस्था! मध्यें फक्त एक कुंपण.

दुसऱ्या दिवशीं मुलानें आपल्या प्राध्यापकांना फोन करून सर्व हकीकत सांगितली. त्या गृहस्थांच्या उत्तराचें आम्हांस फार कौतुक वाटलें. ते म्हणाले, "खरें सांगूं? मी पदव्युत्तर परीक्षा दिली आणि त्याच वर्षीं शिकवावयास लागलों. स्लॅब पडतांना मी रस्त्यावरून पाहिला आहे, पण त्यावर उभा राहिलेलों नाहीं." ह्या सरळ माणसाला दोष देण्याचें आमच्या मनांतही येत नाहीं. अध्यापकाची जागा भरतांना त्याची पदवी पाहतात, बढती देतांना छापलेले निबंध मोजतात. त्यानें पाया किती खोदले हें विचारण्याची चाल नाहीं. मग तो आपली सुटी सोडून उन्हांत कां उभा राहील?

इतर विद्यांकडे पाहावें. याज्ञिकी शिकणारा बटु केवळ पोथी घोकून याज्ञिक होत नाहीं. तो गुरुजींबरोबर यजमानाच्या घरीं जातो, दर्भ व समिधा मांडून देतो, आणि कोठें काय चुकतें हें पाहतां पाहतां तयार होतो. मुख्य म्हणजे त्याचे गुरुजी स्वतः कर्म चालवीत असतात. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेलें असतें व शिकविणारा डॉक्टर सकाळीं तेथेंच रोगी तपासतो. ज्यानें कधीं शस्त्र हातीं धरलें नाहीं त्याला शस्त्रक्रिया शिकविण्यास कोणी ठेवणार नाहीं. कायद्याच्या वर्गांत कोर्टांत उभे राहणारे वकील शिकवावयास येतात. माणसाच्या डोक्यावरचें छप्पर उभारण्याची विद्या तेवढी अशी कां राहिली कीं ती शिकविणाराचा आणि ती करणाराचा वर्षानुवर्षें परिचयही होत नाहीं?

आरंभीं असें नव्हतें. रुडकीचें कॉलेज १८४७ सालीं निघालें तें गंगेच्या कालव्यासाठीं माणसें हवीं होतीं म्हणून. सोलानी नदीवरून कालवा नेण्याचें अवघड काम कॉलेजाच्या दाराशींच चाललें होतें, व १८५४ मध्यें त्या कालव्यांतून पाणी सोडण्यांत आलें. त्याच १८५४ सालीं पुण्यास सार्वजनिक बांधकाम खात्याचे दुय्यम अधिकारी तयार करण्याकरितां वर्ग सुरू झाला, त्याचेंच पुढें पुण्याचें प्रसिद्ध इंजिनियरिंग कॉलेज झालें. विश्वेश्वरय्या तेथूनच १८८३ सालीं बाहेर पडले व दुसऱ्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. कामाला माणसें हवींत म्हणून शाळा, असा तो क्रम होता. पुढें शाळा वाढल्या, गांवोगांव झाल्या, ही चांगलीच गोष्ट. परंतु वाढतां वाढतां कामाची नाळ तुटली.

ती जोडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत झालेच नाहींत असें मात्र नाहीं. सांगलीस १९४७ मध्यें धोंडुमामा साठे यांनीं काढलेल्या कॉलेजाला १९५५ पासून वालचंद हिराचंदांचें नांव आहे, आणि वालचंदशेठ म्हणजे हाडाचे कंत्राटदार. १९२६ सालीं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी त्यांनींच काढली. तथापि कंत्राटदाराचें नांव दारावर असणें आणि कंत्राटदार वर्गांत असणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुढें १९८३ सालीं बांधकाम-व्यवसायांतील मंडळींनीं स्वतःच निकमार ही संस्था स्थापिली व पुण्यांत कामाचें नियोजन, करार, खर्च ह्या विषयांचें उच्च शिक्षण सुरू केलें. व्यवसायानें शिक्षणाची जबाबदारी अंगावर घेतल्याचें हें उत्तम उदाहरण होय. पण तेथें जातो तो पदवीधर. त्या पदवीधराला आधीं चार वर्षें शिकविणारा जो प्राध्यापक, तो आपल्या गांवींच राहतो.

अलीकडे, २०२२ सालीं, विद्यापीठ अनुदान आयोगानें एक स्तुत्य नियम केला. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ह्या नांवानें प्रत्यक्ष व्यवसायांतील तज्ज्ञास महाविद्यालयांत नेमतां येतें, त्याला पीएच.डी.ची अट नाहीं, मात्र किमान १५ वर्षांचा अनुभव हवा. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच करावयाच्या, व एकाची मुदत सर्व मिळून ४ वर्षांपलीकडे न्यावयाची नाहीं. नियम चांगला आहे. तरी आमच्या मतें तो अर्धाच आहे. एक तर तो वरिष्ठ पदांवरील मंडळींसाठीं आहे. आमच्या उपरणेवाल्या ओव्हरसियरांना किंवा त्या मिस्त्रीला त्या दारानें आंत येतां येईल असें दिसत नाहीं, आणि गिट्टीची तहान ओळखणारे तर तेच. दुसरें असें कीं हा नियम बांधणाऱ्याला वर्गांत आणतो, परंतु शिकविणाऱ्याला कामावर पाठवीत नाहीं. बाहेरच्या पाहुण्यानें वर्षांतून चार व्याख्यानें दिलीं तर मुलें खूष होतात, टाळ्या वाजवितात. दुसऱ्या दिवशीं वर्गांत उभा राहणारा तोच जुना प्राध्यापक व तींच जुनीं टिपणें.

तिरोड्यासारख्या ठिकाणीं पाहण्यासारखें कांहीं नसेल, असें कोणी म्हणेल तर ती मोठी चूक होईल. ह्या तालुक्यांत बोदलकसा व चोरखमारा हे मोठे तलाव आहेत. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. तो सगळा प्रदेशच तलावांचा. ते बांधणारे बहुतांशीं कोहळी समाजाचे. पाळ कोठें घालावी, पाणी सोडण्याचें तुडूम कसें बसवावें, जादा पाण्याला वाट देणारी सलंग किती खालीं ठेवावी, हें बापानें पोराला पाळीवरच शिकविलें. त्या काळीं बांधणारा तोच शिक्षक. परंतु ह्या पद्धतीचेंही उगाच गोडवे गाण्याचें कारण नाहीं. त्या ज्ञानाची वही कोणी लिहिली नाहीं. १९५१ सालीं मालगुजारी संपून ते तलाव सरकारच्या ताब्यांत गेले, हात बदलले, आणि हातांत होती ती विद्या पुष्कळशी हातांबरोबरच गेली. करणारा लिहीत नाहीं व लिहिणारा करीत नाहीं, ह्यांत नुकसान दोन्हीकडून होतें.

तलाव जुने झाले, नव्यांचें काय? वैनगंगेवरची धापेवाडा उपसा सिंचन योजना ह्याच भागांतली. आणि धुराडीं ज्यांचीं दिसतात तें वीज-केंद्र म्हणजे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पांच संच, एकूण ३३०० मेगावॉट; ते २०१२ ते २०१४ ह्या काळांत एकामागून एक सुरू झाले. एवढाल्या यंत्रांखालचा पाया हें स्थापत्यविद्येचें सबंध पुस्तकच असतें. पण तें पुस्तक एकदांच उघडतें. पायावर माती लोटली कीं कितीही मोठ्या विद्वानाला आंत काय घातलें तें पाहतां येत नाहीं. म्हणून ज्या वर्षीं जवळपास मोठें काम निघेल त्याच वर्षीं जिल्ह्यांतल्या प्राध्यापकानें तेथें सहा महिने घालविले पाहिजेत. पुढच्या वर्षाची वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

त्या केंद्राचा आणि आमच्या आप्तांच्या स्लॅबचा आणखी एक संबंध आहे. कोळसा जाळणाऱ्या अशा केंद्रांतून निघणारी बारीक राख सिमेंटमध्यें मिसळतात. दुकानांत 'पीपीसी' म्हणून जी पिशवी मिळते तींत शेंकडा १५ ते ३५ पर्यंत अशी राख असूं शकते. सिमेंट चांगलेंच, पण त्याला ताकद येण्यास वेळ अधिक लागतो, म्हणून त्याच्यावर पाणीही अधिक दिवस मारावें लागतें. काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तींत हें स्पष्ट सांगितलें आहे: साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, मिश्र सिमेंटला निदान १० दिवस, आणि उष्ण व कोरड्या हवेंत अनुक्रमें १० व १४ दिवस. आतां मिस्त्री काय म्हणतो? "सात दिवस पाणी मारा, बस झालें." तो खोटें बोलत नाहीं. त्याच्या उस्तादानें त्याला शिकविलें तेव्हां पिशवींत साधें सिमेंट होतें. पिशवी बदलली, सांगणारा कोणी आला नाहीं. प्राध्यापकाच्या पुस्तकांत चौदा दिवस छापलेले आहेत, पण त्याची आणि मिस्त्रीची कधीं गांठ पडत नाहीं. मधल्या सात दिवसांत वैशाखाचें ऊन स्लॅबमधलें पाणी पिऊन घेतें, व पुढें कांहीं वर्षांनीं छताला भेगा पडून पावसाचें पाणी झिरपूं लागलें म्हणजे घरांतले लोक ठेकेदाराला, ठेकेदार सिमेंटला आणि सिमेंटवाला मिस्त्रीला नांवें ठेवतो.

उपाय करावयाचा तर अध्यापकापासून करावा, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थ्यांना कामावर पाठविण्याची चाल पडली आहे, आणि ती बरीही आहे. परंतु विद्यार्थी चार वर्षांनीं निघून जातो, अध्यापक तीस वर्षें राहतो. एक अध्यापक एक उन्हाळा कामावर राहिला तर त्याचा उपयोग पुढच्या तीस वर्गांना होईल. त्यानें तेथें पाहुणा म्हणून खुर्चीवर बसूं नये; रोजची हजेरी, सळयांचें माप, मालाची तपासणी असें एखादें नेमकें काम पत्करावें आणि त्याची जबाबदारी घ्यावी. संस्थेनें तेवढा काळ नोकरींत धरावा व बढतीच्या वेळीं एका छापील निबंधाइतकें तरी त्याचें मोल करावें. उलटपक्षीं आठवड्याचा एक तास गांवांतल्या ठेकेदाराला, ओव्हरसियराला, जुन्या मिस्त्रीला वर्गांत बोलवावें. त्याला भाषण करतां येणार नाहीं, हें खरें. म्हणून त्याला फळ्यापुढें उभें करूं नये. प्राध्यापकानें प्रश्न विचारावे, त्यानें उत्तरें द्यावीं, मुलांनीं लिहून घ्यावीं.

ठेकेदाराची बाजूही आम्ही ऐकून घेतली. तो म्हणतो, "प्राध्यापक आला म्हणजे चुका काढणार, आणि मालकासमोर काढणार. शिवाय पडला-झडला तर जबाबदारी कोणाची?" दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरीला टोपी, पट्टा आणि विमा हें सरळ उत्तर आहे. पहिलीला तेवढें सरळ उत्तर नाहीं. शिकावयास गेलेल्यानें पहिले पंधरा दिवस तोंड उघडूं नये, हा एक उपाय. पण आम्हां सुशिक्षितांना तो किती जड जातो हें आमचे वाचक जाणतातच.

आणि वाचकांचेंही येथें कांहीं कर्तव्य आहे. मोठ्या कारखान्याचें दार उघडण्यास पत्रव्यवहार लागेल, परवानगी लागेल. आपल्या स्वतःच्या घराचें काम चालू असतां त्याचें दार उघडण्यास कोणाची परवानगी हवी? आपल्यापैकीं दरवर्षीं किती कुटुंबें घर बांधतात! सळया बांधून झाल्या कीं स्लॅबच्या आदल्या दिवशीं, आणि प्रत्यक्ष स्लॅबच्या दिवशीं, जवळच्या महाविद्यालयांतील एका अध्यापकाला चार मुलांसह बोलवावें. त्याच्याकडून घराचें प्रमाणपत्र मागूं नये. तो परीक्षक म्हणून येत नाहीं, शिकावयास येतो. पन्नास माणसांच्या चहांत पांच कप वाढले तर कोणाचें कांहीं जात नाहीं.

आमच्या आप्तांच्या स्लॅबवर लहान लहान वाफे करून चौदा दिवस पाणी उभें केलें. घरच्या मुलानें भिंतीवर कोळशानें रोज एक रेघ ओढली. मिस्त्री आठव्या दिवशीं येऊन पाहून गेला आणि कांहीं बोलला नाहीं. त्या दोन-तीन पातळ फेऱ्यांचें काय झालें असेल, ही रुखरुख थोरल्यांच्या मनांत आहेच. त्या दिवशीं मालाचे ठोकळे पाडून ठेवले असते तर अठ्ठाविसाव्या दिवशीं ते दाबून ताकद मोजतां आली असती. पण साचे महाविद्यालयाच्या कपाटांत होते आणि माल तिरोड्याच्या गल्लींत.

दिवाळीनंतर त्याच गल्लींत दुसऱ्या एका घराचा स्लॅब आहे. मिस्त्री तोच. मुलानें घरमालकांची परवानगी काढली असून प्राध्यापक महाशयांनीं येण्याचें कबूल केलें आहे. येतांना ते सहा साचे बरोबर आणणार आहेत. ओव्हरसियरांनीं एवढेंच कळविलें आहे कीं त्यांना सकाळीं सहालाच यावयास सांगा, गिट्टी भिजवावयाची आहे.